इन्सुलिनची चूक झाली, सिस्टरला काढलं: आता रुग्णसुरक्षेची सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी तीस खाटांचं रुग्णालय, त्यात चार खाटांचा आयसीयू आणि एक ऑपरेशन थिएटर. एनएबीएचच्या (रुग्णालयांच्या गुणवत्तेला मान्यता देणारी संस्था) एंट्री लेव्हलची तयारी चालू आहे आणि सल्लागाराने साठ एसओपींची (कामाच्या लेखी पद्धती) जाडजूड फाईल करून दिली आहे. मागच्या महिन्यात एका मधुमेही आजींना इन्सुलिन जास्त गेलं, साखर ३२ वर उतरली, वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. ड्यूटीवरच्या सिस्टरला कामावरून कमी केलं. आता कागदापुरती नाही, खरोखरची सुरक्षितता वाढवायची तर पहिलं पाऊल कोणतं?

फाईल तूर्त बाजूला ठेवा आणि वॉर्डातलं औषधांचं कपाट उघडा. सुरुवात त्या इन्सुलिनपासूनच करू, बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. नेहमीची वायल ४० युनिट प्रति मिली, म्हणजे १० मिलीत ४०० युनिट. पेनची कार्ट्रिज आणि ग्लार्जिनसारख्या काही वायली १०० युनिट प्रति मिली. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची. आता १०० च्या वायलमधून ४० च्या सिरिंजने '२०' च्या रेघेपर्यंत भरलं, तर सिरिंजमध्ये अर्धा मिली येतं, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. उलटं झालं, वायल ४० ची आणि सिरिंज १०० ची, तर त्याच रेघेला ०.२ मिली, म्हणजे जेमतेम ८ युनिट.

पहिली चूक त्याच रात्री कळते. दुसरी जास्त कावेबाज आहे. साखर उतरत नाही म्हणून राउंडला डोस वाढत जातो, २० चे ३०, ३० चे ४०. मग एखाद्या शिफ्टला योग्य सिरिंज हाताला लागते, आणि त्या दिवशी ४० चे खरोखर ४० जातात. साखर कोसळते आणि मेमो मिळतो तो आठवडाभरात बरोबर मोजून देणाऱ्या एकमेव सिस्टरला. तुमच्याकडे नेमकं काय झालं हे प्रश्नावरून सांगता येणार नाही, पण मागच्या चार-पाच दिवसांचे डोस आणि साखरेचे आकडे शेजारी मांडून पाहा. डोस वाढतोय आणि साखर हलत नाही, असं दिसलं तर संशय सिरिंजवर घ्या.

तिसरा प्रकार इन्सुलिन सिरिंज संपल्यावर घडतो. रुग्णाचं पोटॅशियम वाढलेलं असतं, ते उतरवायला २५ टक्के डेक्स्ट्रोजबरोबर (साखरेचं द्रावण) १० युनिट साधं इन्सुलिन द्यायचं असतं, घाई असते, आणि कोणीतरी २ मिलीची साधी सिरिंज उचलतं. '१० युनिट म्हणजे १ मिली' हे कुठून डोक्यात बसतं कोण जाणे, पण बसतं. ४० च्या वायलमधलं १ मिली म्हणजे ४० युनिट.

चौथा प्रकार सिरिंजचा नाहीच, डब्याचा आहे. लहान रुग्णालयांत जेवण घरून येतं. साडेसातला इन्सुलिन दिलं, आणि डबा घेऊन येणारा मुलगा शेवटची एसटी चुकली म्हणून साडेनऊला पोचला. सिस्टरने वेळ पाळली, डोसही बरोबर दिला, तरी दहाला आजी घामाघूम. इथे नियम एका ओळीत बसतो: डबा खाटेशी आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन नाही. तक्त्यावर घड्याळाची वेळ न लिहिता 'जेवणाआधी' लिहा, आणि डबा येणारच नसेल तर काय द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा.

मग उपाय काय? वॉर्डात एकाच ताकदीची वायल आणि एकाच प्रकारची सिरिंज ठेवायची. ४० ठेवणार असाल तर केशरी टोपीची सिरिंज इमारतीतच नको. स्टोअरच्या खरेदी यादीतूनच ती काढून टाका. १०० युनिटचं एखादं इन्सुलिन लागणारच असेल तर ते फक्त पेनमधून. कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायला पूर्ण बंदी. एक पेन एकाच रुग्णाचं, त्यावर नावाची चिठ्ठी. सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला चालत नाही, कारण रक्त कार्ट्रिजमध्ये मागे शिरू शकतं. इन्सुलिन सिरिंजचा खोका वायलीशेजारी त्याच डब्यात, म्हणजे साध्या सिरिंजकडे हात जाणार नाही. आयसीयूतलं इन्फ्यूजन एकाच पद्धतीने बनवायचं: ५० युनिट अधिक नॉर्मल सलाईन, एकूण ५० मिली, म्हणजे १ मिलीत १ युनिट. ४० च्या वायलमधून त्यासाठी १.२५ मिली लागतं. हे गणित दर वेळी करायला लावू नका. छापून फ्रीजच्या दारावर चिकटवा. आणि इन्सुलिन भरल्यावर दुसऱ्या व्यक्तीने वायल व सिरिंज दोन्ही हातात घेऊन पाहायची. 'बरोबर आहे ना गं?' असं दारातून विचारणं म्हणजे तपासणी नव्हे.

यात सिस्टरला जास्त काळजीपूर्वक वागायला सांगणारं काहीच नाही, हे लक्षात आलं असेल. सूचनाफलक, सह्या घेतलेली परिपत्रकं, प्रशिक्षणाचे तास यांचा परिणाम असतो, पण तो रात्री तीनला, पंधरा रुग्णांमागे एक सिस्टर असताना टिकत नाही. चुकीची सिरिंज कपाटातच नसणं रात्री तीनलाही टिकतं.

आता त्याच कपाटात आणखी काय आहे ते पाहू.

पोटॅशियम क्लोराईड. १० मिलीची अँप्यूल, १५ टक्के, म्हणजे साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). ती न पातळ करता शिरेत गेली तर हृदय थांबतं आणि परतवायला वेळ मिळत नाही. धोका काही अज्ञानातून येत नाही. ही अँप्यूल बऱ्याचदा डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखीच दिसते. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला चुकून हीच उचलली जाते. म्हणून जनरल वॉर्डात पोटॅशियमची एकही अँप्यूल ठेवू नका. आयसीयूत कुलपाच्या डब्यात, मोजून, रजिस्टरवर सही करून. वॉर्डातल्या रुग्णाला लागलं तर तिथूनच बाटलीत मिसळून, लेबल लावून पाठवायचं. हातावरच्या शिरेतून देताना लिटरमागे ४० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा घट्ट नको, आणि वॉर्डात तासाला १० पेक्षा वेग नको. त्याहून वेगाने द्यायचं तर मॉनिटर लावून आयसीयूत.

मिसळण्याचीही एक खोच आहे. टांगलेल्या बाटलीत सुईने पोटॅशियम सोडलं तर जड असल्यामुळे ते तळाशी, म्हणजे नेमकं सेटच्या तोंडाशी, बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत घट्ट द्रावण आत जातं. बाटली खाली काढायची, सेट बंद करायचा, औषध सोडायचं, दहा वेळा उलटीपालटी करायची आणि मगच टांगायची.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या ५ मिलीच्या वायली दोन ताकदींच्या येतात: १००० युनिट प्रति मिली आणि ५००० युनिट प्रति मिली. एका वायलमध्ये ५,०००, दुसरीत २५,०००. तीस खाटांच्या रुग्णालयाला दोन्ही लागत नाहीत. एक ठरवा, दुसरी खरेदी यादीतून काढा.

मॅग्नेशियम सल्फेट लेबर रूममध्ये हवंच, झटके येणाऱ्या बाळंतिणीचा जीव त्यानेच वाचतो. २ मिलीच्या अँप्यूलमध्ये ५० टक्के द्रावण, म्हणजे १ ग्रॅम. शिरेतून द्यायचे पहिले ४ ग्रॅम म्हणजे चार अँप्यूल (८ मिली) अधिक १२ मिली नॉर्मल सलाईन, एकूण २० मिली. ते सावकाश, पाच मिनिटांहून कमी वेळात नाही. मग प्रत्येक कुल्ल्यात खोल ५ ग्रॅम, म्हणजे पाच-पाच अँप्यूल, न पातळ करता. चूक होते ती इथे: स्नायूत द्यायचं घट्ट द्रावण शिरेत जातं. म्हणून दोन वेगळ्या पिशव्या आधीच भरून ठेवा. एकीत चार अँप्यूल, सलाईन आणि २० मिलीची सिरिंज, वर 'शिरेतून, सावकाश'. दुसरीत दहा अँप्यूल आणि दोन १० मिलीच्या सिरिंज, वर 'स्नायूत'. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, आणि मागच्या चार तासांत लघवी किमान १०० मिली झाली का, हे पाहायचं. यातलं एकही 'नाही' असेल तर डोस थांबवायचा. उताऱ्यासाठी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची अँप्यूल त्याच ट्रेमध्ये हवी. ती फार्मसीत असून उपयोग नाही.

थिएटरमध्ये सगळ्यात जास्त भीती बाळगावी अशी अदलाबदल म्हणजे स्पायनलसाठीचं, म्हणजे कण्यातून कमरेखाली भूल देण्यासाठीचं, हेवी ब्युपिव्हॅकेन आणि रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड. दोन्ही अँप्यूल पारदर्शक, आणि सिझेरियनच्या वेळी दोन्ही काही मिनिटांच्या अंतराने लागतात. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड पाठीच्या कण्यात गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते, आणि नोंदल्या गेलेल्या घटनांमध्ये मृत्यूंचं प्रमाण फार मोठं आहे. याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली इशाराही दिला. उपाय साधा आहे: ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड भूलतज्ज्ञांच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं. आणि स्पायनलची अँप्यूल फोडण्याआधी तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं.

फ्रीजकडेही एकदा बघा. इन्सुलिन, ऑक्सिटोसिन, लशी आणि भुलीसाठीची स्नायू शिथिल करणारी औषधं एकाच कप्प्यात असतात. २०१४ साली सीरियातल्या इदलिबमध्ये गोवराची लस विरघळवण्यासाठी चुकून अॅट्राक्युरियम वापरलं गेलं आणि १५ मुलं दगावली. सक्सिनिलकोलीन, अॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम थिएटरच्याच फ्रीजमध्ये, झाकणाच्या लाल डब्यात, वर 'श्वास बंद करणारं औषध' असं मराठीत लिहून ठेवा. फ्रीज एकच असेल तर निदान डबा वेगळा आणि कप्पा वेगळा. तापमान २ ते ८ अंश, दिवसातून दोनदा नोंद, थर्मामीटर मधल्या कप्प्यात. दारातल्या कप्प्यात काहीही ठेवू नका, आणि इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन पाण्यासारखं साफ दिसलं तरी निकामी असतं. वायल उघडल्याची तारीख वर लिहा, २८ दिवसांनी फेकून द्या.

कपाट एकदा लावून झालं म्हणजे संपलं असं समजू नका. पुरवठादार बदलतो, ब्रँड बदलतो, आणि कालपर्यंत निळ्या अक्षरांत येणारी अॅट्रोपीन आज अॅड्रिनलिनसारख्या लाल अक्षरांत येते. नवा ब्रँड आला की फार्मासिस्टने दोन्ही अँप्यूल शेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढायचा आणि वॉर्डाच्या ग्रुपवर टाकायचा. तीस सेकंदांचं काम आहे. शिवाय बरीच औषधं नातेवाईक बाहेरच्या मेडिकलमधून आणतात आणि दुकानदार 'हे नाही, हे घ्या' म्हणून बदलून देतो. पिशवी थेट खाटेच्या कप्प्यात जाऊ देऊ नका. सिस्टरने केसपेपरवरच्या ऑर्डरशी नाव, ताकद आणि मुदत ताडून पाहिल्यावरच ती ठेवायची.

आता ऑर्डर लिहिण्याबद्दल. प्रिस्क्रिप्शन सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत असावं, हे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये नियमांतच घातलं. त्याचं पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतोच. मला अक्षरापेक्षा आकड्यांची भीती जास्त वाटते. 'युनिट' साठी नुसतं इंग्रजी यू लिहिलं की १० चे १०० वाचले जातात. दशांश चिन्हापुढे शून्य नसेल तर .५ चे ५ होतात, आणि ५.० मधला टिंब पुसट असेल तर ५०. आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. देवनागरीतला १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ हा इंग्रजी आठसारखा, आणि ७ घाईत लिहिला तर इंग्रजी सहासारखा. एकाच तक्त्यावर एक डॉक्टर इंग्रजी आकडे लिहितो आणि एखादी सिस्टर देवनागरी. वॉर्डाच्या तक्त्यावर फक्त इंग्रजी आकडे, असा नियम करा आणि तो सगळ्यांना लागू करा. डिस्चार्जच्या कागदावर उलट: मराठीत, आकडा न लिहिता, 'सकाळी एक गोळी, रात्री अर्धी गोळी'.

मेथोट्रेक्सेट डिस्चार्जच्या कागदावर असेल तर वार लिहायचा. 'आठवड्यातून एकदा' पुरत नाही. 'फक्त सोमवारी' असं लिहा आणि चारच आठवड्यांच्या गोळ्या द्या. संधिवाताच्या रुग्णाने ती रोज घेतली तर दोन आठवड्यांत तोंडात फोड, पांढऱ्या पेशी खाली, आणि रुग्ण परत तुमच्याच आयसीयूत.

रात्रीच्या फोनवरच्या ऑर्डरी टाळता येत नाहीत. कन्सल्टंट घरी, आरएमओ (निवासी डॉक्टर) खाली कॅज्युअल्टीत, सिस्टर फोनवर. मराठीत 'सात' आणि 'साठ' यांच्यात एका अक्षराचा फरक आहे. इंग्रजीतल्या फिफ्टीन आणि फिफ्टीचंही तेच. म्हणून ऐकलं ते लिहायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं, आणि आकडा सुटा करून बोलायचा: 'साठ, सहा-शून्य'. डॉक्टरने 'हो' म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. पोटॅशियम आणि हेपॅरिनची ऑर्डर फोनवर घ्यायचीच नाही. मेसेजवर लेखी मागवायची.

मुलांच्या बाबतीत डोस कधीही मिलीत लिहू नका, मिलिग्रॅममध्ये लिहा आणि शेजारी बाटलीची ताकद. पॅरासिटामॉलचे थेंब १ मिलीत १०० मिलिग्रॅम, साधं सिरप ५ मिलीत १२५, दुसरं ५ मिलीत २५०. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर थेंब दीड मिली, पहिलं सिरप ६ मिली, दुसरं ३ मिली. आईला 'पाच मिली द्या' एवढंच सांगितलं आणि तिच्या घरी थेंबांची बाटली असली, तर ५०० मिलिग्रॅम जातं.

कपाटावर इतका वेळ घेतला, कारण तिथे थोड्या पैशांत मोठा फरक पडतो. पुढच्या गोष्टी थोडक्यात.

रुग्णाची ओळख खाटेच्या नंबरवरून नको, आडनावावरून तर नकोच. एका वॉर्डात दोन 'पाटील आजी' ही काही दुर्मिळ घटना नव्हे. जन्मतारीख पुष्कळ वयस्कांना माहीत नसते. आधार कार्डावरची १ जानेवारी ही खरी तारीख नसते हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यामुळे पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह, आणि आयपीडी नंबर (भरती झाल्यावर मिळणारा), हे दोन धरा. हातात पट्टी बांधा. विचारताना 'तुम्ही शांताबाई ना?' असं विचारू नका. ऐकू न येणारी आजी कशालाही मान डोलावते. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारा. रक्त चढवताना हे दोघांनी खाटेशी उभं राहून करायचं, पिशवीवरचा गट आणि नंबर मोठ्याने वाचून. पहिली १५ मिनिटं सावकाश, सिस्टर शेजारी. पिशवी चार तासांत संपलीच पाहिजे.

श्वासांची गती हा रुग्ण बिघडत असल्याचा सगळ्यात लवकरचा इशारा, आणि सगळ्यात जास्त खोटी लिहिली जाणारी नोंद. कुठल्याही वॉर्डातले वीस तक्ते काढा, बहुतेकांवर २० किंवा २२ सापडेल. पूर्ण एक मिनिट मोजायचं, घड्याळ धरून. २५ किंवा त्याहून जास्त, किंवा ८ किंवा त्याहून कमी असेल तर आरएमओने दहा मिनिटांत येऊन पाहायचं, आणि त्याने येऊन 'काही नाही' म्हटलं तरी सिस्टरला ओरडा बसता कामा नये. एकदा ओरडा बसला की पुढच्या तक्त्यावर परत २० दिसणार.

शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची १९ मुद्द्यांची, तुमच्या फाईलमध्ये असणारच. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. त्यांत दिल्लीचंही एक होतं. पण यादीवरच्या खुणा ऑपरेशन संपल्यावर चहा घेताना एकदमच केल्या तर तिचा काडीचा उपयोग नाही. यादी कागदावर नको, भिंतीवर मोठ्या फलकावर हवी, आणि चिरा देण्याआधी स्क्रब सिस्टरने मोठ्याने वाचायची. तोवर सर्जनच्या हाती ब्लेड द्यायचं नाही. एवढा एक अधिकार तिला रुग्णालयाच्या मालकाने सगळ्यांसमोर दिला पाहिजे, नाहीतर ती देणारच. दोन मुद्दे तरी कधीही गाळू नका: अँटिबायोटिक चिऱ्याआधीच्या ६० मिनिटांत दिलं का, आणि पोट बंद करण्याआधी मॉप व गॉज मोजले का.

हात धुण्याबद्दल पोस्टर लावण्यापेक्षा स्टोअरचं रजिस्टर पाहा. एका रुग्ण-दिवसामागे साधारण २० मिली हँडरब खपायला हवं. सरासरी २० खाटा भरलेल्या असतील तर महिन्याला ६०० रुग्ण-दिवस, म्हणजे १२ लिटर. तुमचा खप तीन लिटर असेल तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ आहे. बाटली दारात न लावता प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी लावा, खप आपोआप वाढतो.

ऑक्सिजन आणि वीज. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला टाकीतून ऑक्सिजन गळाला आणि पुरवठा खाली येऊन व्हेंटिलेटरवरचे रुग्ण दगावले. लहान रुग्णालयात टाकी नसते, पण प्रश्न तेच असतात. आयसीयूच्या ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि आग लागल्यावर तो कोणी बंद करायचा? रात्रपाळीचे मामा आणि मावशी हे दाखवू शकतात का? एसी आणि वॉर्मरच्या वायरिंगवर मूळ मंजूर भारापेक्षा किती भार चढला आहे? वर्षातून एकदा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. बाहेर पडायच्या दुसऱ्या दारासमोर जुन्या खाटा रचलेल्या असतात, त्या आजच हलवा.

रुग्णाला जिल्ह्याच्या गावी हलवताना सिलिंडरचं गणित करा. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १५०० लिटर, डी टाइपमध्ये ७००० लिटर. मास्कवर मिनिटाला १५ लिटर लागणाऱ्या रुग्णाला बी टाइप १०० मिनिटं पुरतो. प्रवास दीड तासाचा असेल आणि घाटात वाहतूक अडली तर तो संपतो. प्रवासाच्या वेळेच्या दुप्पट धरून सिलिंडर चढवा, आणि गेजवरचा काटा गाडी सुटण्याआधी पाहा.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा: चूक कळणार कशी? सिस्टरला काढल्यापासून तुमच्याकडे एकही चूक नोंदली गेली नसेल. ती थांबली म्हणून नव्हे. नोंदवणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. विश्वास परत येईपर्यंत कोणाच्या सांगण्यावर अवलंबून राहू नका, फार्मसीचं रजिस्टर पाहा. २५ टक्के डेक्स्ट्रोज कोणत्या रुग्णासाठी उचललं? त्याची साखर का उतरली होती? अॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन एकदम कोणाला लागलं? औषधाची रिअॅक्शन होती का? व्हिटॅमिन के कोणाला दिलं? रक्त पातळ करणारं औषध जास्त झालं होतं का? महिन्यातून एकदा ही तीन-चार औषधं कोणाला गेली त्यांचे केसपेपर काढून वाचा. अर्धा तास लागतो, आणि फाईलच्या साठ एसओपींतून जे कळत नाही ते कळतं. औषधाच्या रिअॅक्शन राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवा. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे.

सोबत अर्ध्या पानाचा नोंदीचा कागद सुरू करा, नाव न लिहिता: काय झालं, कधी, रुग्णाला काही झालं का, हाताशी काय नव्हतं. 'होता होता वाचलं' असे प्रसंगही त्यात. दर गुरुवारी दोन वाजता, शिफ्ट बदलताना, वीस मिनिटं बसायचं. डॉक्टर, मेट्रन, फार्मासिस्ट आणि एक मावशी. एकच प्रसंग घ्यायचा आणि उभ्या उभ्या ठरवायचं की पुढच्या गुरुवारपर्यंत कोणती वस्तू हलवायची, काढायची किंवा आणायची. 'सर्वांनी काळजी घ्यावी' हा ठराव मंजूर करायचा नाही. पहिल्या तीन महिन्यांत नोंदींची संख्या वाढेल. मालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरून सगळं बंद करतील.

मुद्दाम केलेलं कृत्य, दारू पिऊन ड्यूटी, खोटी नोंद, यांना माफी नाही. पण गोंधळ उडवणाऱ्या दोन सिरिंज शेजारी ठेवून त्यातली चुकीची उचलल्याबद्दल शिक्षा करायची, तर ती खरेदी करणाऱ्यालाही करावी लागेल.

नातेवाईकांना सांगायचं की लपवायचं, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. तोडफोडीची भीती खरी आहे. महाराष्ट्रात २०१० पासून त्याविरुद्ध कायदा आहे, तरी भीती गेलेली नाही. पण जमाव बहुतेकदा जमतो तो लपवल्याचा संशय आल्यावर. मुख्य डॉक्टरने स्वतः, त्याच दिवशी, खोलीत बसवून सांगायचं: इन्सुलिन जास्त गेलं, साखर उतरली, काय उपचार केले, आता कशा आहेत, पुढचे चोवीस तास कशावर लक्ष ठेवणार. अंदाज बांधू नका, कोणाचं नाव घेऊ नका. त्या जादा मुक्कामाचं बिल लावू नका. केसपेपरवरची नोंद खोडू नका. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, वेळ आणि सही.

आणि त्या सिस्टरला परत बोलवा. कामावर घ्यायचं की नाही ते नंतर ठरवा, आधी मेट्रनने तिच्यासमोर बसून विचारावं: वायल कुठून घेतली, टोपी कोणत्या रंगाची होती, ऑर्डर कोणी आणि कशी सांगितली, त्या वेळी तुझ्याकडे किती रुग्ण होते, आजींचा डबा आला होता का. या पाच प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या कोणाकडेच नाहीत.